गाडीतलं 20 लिटरचं टॉयलेट: खोक्यावर न लिहिलेल्या गोष्टी

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'एका टाकीत पन्नास फ्लश'. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही, पण त्याने कागद वापरणारी माणसं धरली आहेत. आपल्याकडे पाण्याशिवाय कोणाचं भागत नाही, आणि त्या पाण्याचा प्रत्येक थेंब त्याच खालच्या टाकीत जाऊन बसतो. म्हणून 'घेऊ का?' असं विचारणाऱ्यांना मी रंग, किंमत, वॉरंटी यांच्या आधी लिटरचा हिशेब सांगते. तो पटला तर वस्तू चांगली आहे. नाही पटला तर सात हजार रुपये वाचले.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस. सीट काढून भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून आत बिछाने, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. आरसी बुकातल्या नोंदीचं पुराण वेगळं, ते इथे नको. प्रवासी तिघं: मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे केव्हाच संपावर गेलेत, पण जीभ आणि हौस दोन्ही शाबूत आहेत.

हे खूळ कशासाठी, असं विचारणारे बहुतेक पुरुष असतात. बायकांना विचारावं लागत नाही. सकाळी सहाला निघायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, चहा अर्धा कप घ्यायचा, वाटेत कोणी शहाळं पुढे केलं तर 'नको, मला आवडत नाही' म्हणायचं, ही आमच्या पिढीच्या बायकांची प्रवासाची तयारी. मग मुक्कामाला पोचेपर्यंत डोकं धरलेलं आणि दोन दिवसांनी उन्हाळी लागलेली. पंपावर टॉयलेट असतं. त्याची किल्ली कोणा एका दादांकडे असते आणि ते दादा नेमके जेवायला गेलेले असतात. किल्ली मिळाली तर नळाला पाणी नसतं. पुण्यात जुन्या बसचं रूपांतर करून बायकांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहं काढली गेली, ती कल्पना मला फार आवडली होती. तशी एक बस ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी उभी असती तर मी हा डबा घेतलाच नसता.

आता वस्तू. ब्रँडचं नाव देत नाही, कारण याच साच्याचे डबे ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि स्टिकर सोडला तर फरक काही नाही. मूळ नमुना थेटफर्ड या अमेरिकन कंपनीच्या 'पोर्टा पॉटी'चा, ती 1960 च्या दशकापासून हे बनवते आहे. त्यांच्या 365 या मॉडेलला खाली 21 लिटर आणि वर 15 लिटर अशा दोन टाक्या असतात. माझ्याकडच्याला खाली 20, वर 12. रचना तीच. वरच्या भागात बैठक, झाकण आणि फ्लशचं स्वच्छ पाणी; खालच्या भागात मैल्याची टाकी; दोन्हींच्या मध्ये एक सरकती झडप. बसण्याआधी दांडा ओढून झडप उघडायची, झालं की पंप दाबून पाणी सोडायचं, दांडा आत ढकलायचा. झडप नीट बसली की वास बंद. खरंच बंद, मी अतिशयोक्ती करत नाही. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडल्या की वरचा भाग सुटतो आणि खालची टाकी तेवढी उचलून नेता येते.

बैठकीची उंची नीट बघून घ्या. याच साच्यात 10 लिटरवालं छोटं मॉडेल मिळतं, दिसायला सुबक आणि दोनेक हजारांनी स्वस्त, पण ते बुटकं असतं. तरुण पोरांना चालेल. गुडघेदुखीवाल्या माणसाने त्यावर बसणं एक वेळ जमेल, उठणं नाही. 20 लिटरवालं घरच्या कमोडच्या जवळपास जातं. आम्ही खाली चार इंच उंचीचा प्लायचा चौथरा केला, नाना पेठेतून रॅचेटचे पट्टे आणून त्याला डबा आवळला आणि बाजूच्या पत्र्याला स्टीलची कडी ठोकली. आई, म्हणजे सासूबाई, कडी धरून बसतात, कडी धरून उठतात. पट्टा मात्र हवाच. भरलेली टाकी वळणावर सरकायला लागली तर कोणाचं नशीब कुठे उघडेल सांगता येत नाही.

जागेवरून घरात जे महाभारत झालं ते डबा यायच्या आधीचं. फॅब्रिकेटरने नकाशात ओट्याला लागूनच जागा दाखवली होती. आई म्हणाल्या, "अगं, पोळ्या लाटायच्या तिथून हातभर अंतरावर हे? मग मी घरीच राहते, तुम्ही दोघं जा." मी सोवळंओवळं मानत नाही, तरी या बाबतीत मी त्यांच्या बाजूने होते. शेवटी डबा सगळ्यात मागे नेला, मधे पडदा नको म्हणून सरकतं दार केलं, आणि छताला हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवला. याचा अनपेक्षित फायदा असा की मागचं दार उघडलं की टाकी परस्पर बाहेरून काढता येते, घरातून म्हणजे गाडीतून मिरवत न्यावी लागत नाही. कोणी गाडी करून घेत असेल तर ही एक गोष्ट आईंची म्हणून जरूर ऐका.

आता हिशेब. लघवी एका वेळी साधारण तीन-चारशे मिली. फ्लशला पंप दोनदा दाबला की अर्धा लिटर. मग मगाने पाणी घेतलं की किमान एक लिटर, कारण मग हातात आला की तो भरूनच घेतला जातो. म्हणजे एका खेपेला पावणेदोन ते दोन लिटर. वीस लिटरला भागा: दहा-अकरा खेपा. तिघांत संध्याकाळपर्यंत टाकी भरते. खोक्यावरचे पन्नास कुठे आणि हे दहा कुठे!

यावर उपाय तीन. पहिला, मगावर बंदी. दुसरा, कुंड्यांवर फवारा मारायला नर्सरीत मिळते ती हवा भरायची लिटरभराची स्प्रे बाटली. दोनशे-अडीचशे रुपयांत येते, तोटी फिरवून धार सरळ करता येते आणि जेटचं काम दीडशे मिलीत होतं. बाटलीवर लाल टेप गुंडाळा, नाहीतर ती परत गच्चीवर जाईल. आई आधी म्हणाल्याच, "एवढ्याशा पाण्यात काय होतंय?" होतं. धारेला जोर असला की पाणी कमी लागतं. आईंनी स्वतः वापरून पाहिल्यावर हा विषय परत निघाला नाही. तिसरा उपाय म्हणजे नुसती लघवी असेल तेव्हा फ्लशचा पंप न दाबता त्याच बाटलीने भांड्याला एक फेर मारायचा. असं केलं तर खेप सहाशे मिलीच्या आत बसते आणि टाकी तिघांना दीड-दोन दिवस जाते. दिवसा चांगली जागा मिळाली तर ती वापरायची, गाडीतलं रात्रीसाठी आणि अडल्या वेळेसाठी. कागद वापरायचाच असेल तर विरघळणारा घ्या. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड यांतलं काही आत टाकायचं नाही. पॅडसाठी वेगळी झाकणाची छोटी बादली ठेवा.

मोठी टाकीच का घेऊ नये, असं वाटेल. पाणी लिटरला किलोभर. वीस लिटरची टाकी भरली की रिकाम्या टाकीचं वजन धरून वीस किलोच्या वर जाते, आणि ती न हिंदकळू देता न्यायची असते. माझ्या मते एका माणसाने उचलायची मर्यादा तिथेच संपते. त्याहून बरं म्हणजे खालची एक जादा टाकी वेगळी मिळाली तर घेऊन ठेवणं. माझ्या विक्रेत्याकडे ती मिळत नाही. सुटे भाग काहीच मिळत नाहीत, आणि या वस्तूवरचा माझा मुख्य राग तोच आहे. ओतायच्या तोटीच्या टोपणातला वॉशर पहिल्या उन्हाळ्यातच कडक होऊन ठिबकायला लागला. विक्रेत्याला कळवलं तर 'नवीन प्रॉडक्ट ऑर्डर करा' असं उत्तर आलं. सात हजारांचं नवीन प्रॉडक्ट, पाच रुपयांच्या वॉशरपायी! शेवटी टोपण घेऊन बोहरी आळीत गेले. दुकानदाराने ते कशाचं आहे हे विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्याने पाइप फिटिंगचा एक वॉशर काढून दिला. तो अजून चालू आहे. टाकी किती भरली हे दाखवणारा काटा मात्र कायम हिरव्यावर असतो. अंदाजानेच चालायचं.

झडपेच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारत राहावा लागतो, म्हणजे दांडा अडत नाही. व्हॅसलीन नको. खोबरेल तर नकोच. आपल्याकडे ते सगळ्या दुखण्यांवर चालतं, पण हिवाळ्यात महाबळेश्वरला ते गोठून झडप जाम होणार.

घाटाचा विषय निघालाच आहे तर हे ऐका, कारण ते माहितीपत्रकात अर्ध्या ओळीत उरकलंय. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. इथे झडप बंद करून तुम्ही ताम्हिणी उतरून दिवेआगरला गेलात की बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असतो आणि टाकीत पुण्याची हवा कोंडलेली असते. झडप आत ओढली जाते, दांडा हलत नाही. जोर करून उपटायचा नाही, हळूहळू हलवत केसभर फट पाडायची, सुस्स आवाज येतो, मग सहज सरकते. परतीला, किंवा महाबळेश्वरला चढताना, उलट. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, टाकीतली हवा फुगलेली आणि वर उन्हाने तापलेली. अशा वेळी झाकण उघडं ठेवून झडप खसकन ओढली तर आतलं जे असेल ते हवेबरोबर वर येऊ शकतं. नियम एकच: आधी झाकण बंद, मग झडप किंचित उघडून दाब सोडायचा, मग बाकीचं. आमच्याकडे घाट संपला की चहाच्या आधी हे काम नवऱ्याकडे असतं आणि तो ते अत्यंत गांभीर्याने करतो.

आता औषध. टाकीत आधी दोन लिटर पाणी आणि त्यात टॉयलेटचं औषध टाकायचं असतं. प्रमाण बाटलीवर असतं, तेवढंच. दोन जाती आहेत. निळं बहुतेक जंतू मारून वास दाबणारं असतं. हिरवं, 'सेप्टिक टँकला सुरक्षित' असं लिहिलेलं, जंतूंना काम करू देणारं. पुण्यात ड्रेनेज लाइन आहे, तिथे एका टाकीने फरक पडणार नाही. पण आपण जातो कुठे? कोकणात. तिथे घरोघरी सेप्टिक टँक नाहीतर शोषखड्डा. त्यात मैला कुजवायचं काम जिवाणूच करतात, आणि आपण जाऊन त्यांच्यावर जंतुनाशक ओतायचं म्हणजे यजमानाच्या टाकीचं वाटोळं. हिरवंच घ्या, थोडं महाग पडतं, वासाला किंचित कमी पडतं, तरी तेच.

गच्चीवर बाग करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने लिंबू-संत्र्याच्या सालींचं आणि गुळाचं घरचं बायोएन्झाइम मोठ्या प्रेमाने दिलं. फरशी पुसायला ते उत्तम आहे. टाकीत टाकल्यावर पहिल्या दिवशी संत्र्याचा वास आला, दुसऱ्या दिवशी संत्र्याचा आणि दुसरा असे दोन्ही आले. मैत्रिणीला मी 'छान आहे' एवढंच कळवलंय.

फिनाइल, ॲसिडवालं क्लीनर यांनी रबर आणि प्लास्टिक खराब होतं. ब्लीचिंगची पावडर तर कधीच टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संबंध आला की विषारी वायू तयार होतो, आणि गाडी ही बंद खोलीच असते.

आणि मग रिकामं करणं. परदेशातल्या कॅम्पिंगच्या जागांवर यासाठी वेगळी मोरी असते. आपल्या राज्याचं कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांचं, धोरण 2021 मध्ये आलं, पण आम्ही जातो त्या वाटांवर अशी मोरी मला अजून दिसलेली नाही. म्हणून मुक्काम ठरवतानाच फोनवर स्पष्ट विचारायचं: "आमच्याकडे गाडीतल्या टॉयलेटची टाकी आहे, तुमच्या संडासात ओतली तर चालेल का?" आडवळणाने विचारलं तर समोरच्याला कळत नाही आणि नंतर अंगणात वाद होतो. सरळ विचारलं की बहुतेक माणसं 'हो' म्हणतात. एका काकूंनी तर "त्यात काय, आमच्याकडे बाळंतिणीचं काय कमी उपसलंय" म्हणून मलाच गप्प केलं. विहीर कुठे आहे ते मात्र आपणहून विचारा, आणि धुण्याचं पाणीसुद्धा तिच्या बाजूला उघड्यावर सोडू नका.

ओतायला आपल्या पद्धतीचा जमिनीतला संडास सगळ्यात सोयीचा, हे मला वापरूनच कळलं. कमोडमध्ये ओतायचं तर वीस किलो गुडघ्यापर्यंत उचलून, तोलून, वाकवून धरावं लागतं. जमिनीतल्या भांड्यापाशी टाकी फरशीवरच आडवी ठेवायची, तोटी बाहेर फिरवायची, टोपण काढायचं आणि मागची कड उचलत न्यायची. उचलताना अंगठा हवेच्या बटणावर दाबलेला हवा. ते बटण आत हवा घेतं म्हणून धार सरळ, शांत पडते. अंगठा सुटला की टाकी गुडगुड करत हिसके देते आणि पायांवर शिंतोडे उडतात. स्वस्तातल्या काही डब्यांना हे बटणच नसतं. फोटोत मागच्या बाजूला ते दिसत नसेल तर तो डबा घेऊ नका, बाकी काहीही सूट असली तरी. ओतून झालं की दोन-तीन लिटर पाणी घालायचं, टोपण लावून टाकी हलवायची, परत ओतायचं. असं दोनदा. मग संडास आपण स्वतः धुऊन द्यायचा. हातमोजे कोपरापर्यंतचे, आणि ते गाडीत दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत.

गटारात, ओढ्यात, घाटातल्या वळणावर रात्री गुपचूप ओतणारे आहेत. त्यांच्याशी मला बोलायचं नाही.

एक मात्र बोलायचंय. एका रिसॉर्टवर मी टाकी काढत होते तर मॅनेजर धावत आला, "मॅडम, तुम्ही कशाला, आमचा मुलगा आहे ना, पन्नास रुपये द्या, तो करेल." तो 'मुलगा' माझ्या वयाचा होता. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. आपला डबा त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. कणकवलीत गोपुरी आश्रम काढून अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी आयुष्य घालवलं. त्याच कोकणात सुट्टीला जाऊन आपल्या घराण्याची टाकी दुसऱ्याच्या हातात द्यायची? हे काम करायची तयारी नसेल तर हा डबा घेऊ नका. आमच्याकडे पाळी ठरलेली आहे, एकदा मी, एकदा नवरा, आणि घरी आलेल्या भाच्याला पहिल्याच मुक्कामाला त्यात घेतलं. त्याचा गाडीतून फिरायचा उत्साह थोडा कमी झाला, पण आता मगही मागत नाही.

पुण्यात परतल्यावर सोसायटीच्या लिफ्टमधून टाकी नेताना ती मोठ्या कापडी पिशवीत घालून नेतो. "काय, कोकणातून आंबे का?" असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं होतं. नवऱ्याने "हो, जरा जास्तच पिकलेत" म्हणून लिफ्टचं दार लावलं.

गाडी बराच काळ उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर वरची टाकीही पूर्ण उलटी करून रिकामी करा. त्यात पाणी राहिलं की हिरवं शेवाळ धरतं आणि पुढच्या वेळी पंप बुळबुळीत पाणी फेकतो. दोन्ही टाक्या वेगळ्या सुकवायच्या, रबराला सिलिकॉन मारायचा आणि झडप उघडी ठेवायची. बंद ठेवली तर रबर चिकटून बसतं. माझा डबा आत्ता गच्चीत तसाच उघडा सुकतोय आणि कामवाल्या मावशींनी त्यावर माझ्या देखत कुंडी ठेवून पाहिली आहे.